केतकी ओरडत नाही

बोम्मसंद्रा,
९ जानेवारी १९९४

आदरणीय ज. न. मोहिते सर यांस,
स. न. वि. वि.

‘चित्रमेळा’ मासिकातली तुमची ‘बंद बुरूज’ ही चित्रकथा मी पहिल्या भागापासून वाचते आहे. लग्नाआधी मिरजेला होते तेव्हापासून मला या मासिकाची सवय आहे. आता अंक ह्यांच्या कारखान्याच्या पत्त्यावर येतो आणि ते संध्याकाळी घरी आणतात.

तक्रार करायला लिहिते आहे, राग मानू नका. या महिन्याच्या भागात किल्लेदार केतकीला बुरुजात कोंडतो. पुढच्याच चौकटीत ती दारावर मुठी आपटून ‘सोडा मला’ म्हणून ओरडते. मग पान उलटेपर्यंत ओरडतच राहते. हे मला पटलं नाही. कोंडलेलं माणूस पहिल्या दिवशी ओरडत असेलही, पण नंतर ते आपला आवाज कमी करत जातं. भांडं ठेवायचं तर खाली फडकं घालतं, खोकला आला तर उशीत तोंड खुपसून खोकतं. तुमची केतकी मला घाबरलेली वाटत नाही, रागावलेली वाटते. राग येण्याइतकी जागा त्या बुरुजात तिला कुठून मिळाली?

आणि किल्लेदाराच्या त्या मिशा आणि तो चाबूक. असला माणूस समोर आला असता तर केतकी पहिल्या भेटीतच सावध झाली असती.

मी बी.ए. झाले आहे, पण लिहिण्यातलं मला काही कळत नाही. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर क्षमा करा. उत्तर देणार असाल तर खाली दिलेल्या वाणी स्टोअर्सच्या पत्त्यावर पाठवा, पाकिटावर माझं नाव घालू नका. आमच्या जिन्यावर पोस्टमन चढत नाही.

आपली वाचक,
सौ. उल्का हेरवाडे


चिकपेट, बंगळूर,
२२ जानेवारी १९९४

सौ. उल्काबाईंना सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र बेळगावला संपादकांकडे जाऊन तिथून परत बंगळूरला माझ्याकडे आलं. तुम्ही बोम्मसंद्र्यात आणि मी चिकपेटात, आणि पत्राला एवढी यात्रा घडली.

आधी एक खुलासा करते. मी सर नाही, बाई आहे. जमनाबाई नारायणराव मोहिते, वय अठ्ठावन्न. यजमान गेल्यापासून थोरल्या भावाकडे राहते. अण्णांचं साड्यांचं दुकान आहे, दुकानावरच्या माळ्यावर माझं बिऱ्हाड. पहिल्या संपादकांनी विचारलं होतं की चित्रकथेवर बाईचं नाव बघून मुलं वाचतील का. मी म्हटलं, सरी, बरं, नुसती अक्षरं घाला. तेव्हापासून मी ज. न. झाले.

आमचे लोक इथे कधी आले ते कुणाला नक्की माहीत नाही. शहाजीराजांबरोबर आलो असं सगळेच सांगतात, म्हणून आम्हीही सांगतो. त्यामुळे माझ्या मराठीला कन्नडचा वास येतो, अशी तक्रार मला दर महिन्याला असते. पण केतकी घाबरलेली नाही अशी तक्रार पहिल्यांदाच आली. खरं सांगते, वाचून स्वल्प राग आला. मग जानेवारीचा अंक काढून पुन्हा बघितला, आणि राग गेला.

आमचा चित्रकार रविकुमार कन्नड मुलगा. मी मराठीत लिहिते, त्याला कन्नडात समजावते, आणि मधे कुठेतरी सगळ्यांची तोंडं उघडी पडतात. पण दोष त्याचा नाही. गप्प बसलेली मुलगी चौकटीत कशी दाखवायची हे मलाच कळत नाही. गप्प मुलीचं चित्र बघून वाचक पान उलटून टाकतो.

तुम्हाला कळत असेल तर सांगा. केतकी दिवसभर करते काय? आणि किल्लेदार कसा हवा?

तुमची,
जमनाबाई


बोम्मसंद्रा,
२५ जानेवारी १९९४

आदरणीय जमनाबाई,
सा. न. वि. वि.

तुम्ही बाई आहात हे वाचून मी ते पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. का ते सांगता येणार नाही, पण मला फार बरं वाटलं.

किल्लेदार हळू बोलणारा हवा. गडावर सगळे त्याला चांगला म्हणत असावेत. शेजारणींची ओझी तो जिन्यावरून वर आणून देतो, शुक्रवारी केतकीसाठी गजरा आणतो. दार बंद करताना म्हणतो, ‘तुला इथली भाषा येत नाही, कुणी फसवलं तर?’ हे तो इतक्या मायेने म्हणतो की पहिले काही महिने केतकीलाही ते खरं वाटतं. त्याने आवाज कधी चढवू नये. तो फक्त घरात आल्यावर एकेक वस्तू बघतो. सकाळी पाण्याचा तांब्या कुठे होता आणि आता कुठे आहे, हे त्याच्या लक्षात असतं.

केतकी दिवसभर वस्तू जागच्या जागी ठेवते. हेच तिचं काम.

सुटका मोठी नको, दोर, घोडे वगैरे नकोत. दाराचं कुलूप दोन्ही बाजूंनी किल्लीनेच उघडणारं असावं. तो आंघोळीला गेला असताना केतकी त्याची किल्ली ओल्या साबणावर दाबून ठसा घेते. खिडकीतून टोपली सोडून तो साबण खालच्या बाईला देते. ती बाई दुसरी किल्ली करून आणते. केतकी ती नाचणीच्या डब्यात, अगदी तळाशी, पिठात पुरून ठेवते. डबा तिच्याशिवाय कुणी उघडत नाही.

पण किल्ली मिळाली म्हणून केतकी लगेच पळत नाही. एकदा ती दार उघडते, उंबऱ्याशी उभी राहते आणि पुन्हा लावून घेते. बाहेर जाऊन कुणाला काय सांगणार? तो तर चांगला आहे.

मला रिकामा वेळ फार, म्हणून असलं सुचतं. यातलं काही उपयोगी पडलं तर बघा, पण बदलून घ्या.

तुमची,
उल्का


चिकपेट,
२१ फेब्रुवारी १९९४

प्रिय उल्का,

आता ‘अहोजाहो’ पुरे. तू मला मुलीसारखी आहेस.

तुझा किल्लेदार फेब्रुवारीच्या अंकात दिसला असेलच. रविकुमारने अर्धं काम पुन्हा केलं, मिशा खोडल्या, चाबूक काढला, हातात गजरा दिला. वाचक खवळलेत. गडहिंग्लजच्या एका मुलाने लिहिलं आहे, ‘किल्लेदार गोड झाला आणि केतकी मुकी झाली, आता मजा नाही.’ संपादक सूर्यकांतरावही कुरकुरतात. मी त्या मुलाला उत्तर लिहिलं की बाळा, अंक आईला वाचायला दे आणि ती काय म्हणते ते मला कळव. त्याचं पत्र परवा आलं. आई अंक घेऊन आत गेली, असं लिहिलं आहे.

मार्चचा भाग तर माझ्या आजवरच्या कामात उजवा. सगळा तुझा. साबण, टोपली, किल्ली, सगळं घेतलं आहे. किल्ल्याच्या दाराला दोन्हीकडून किल्लीचं कुलूप कसं असेल, असं रविकुमारने विचारलं. मी म्हटलं, तू काढ रे. शेवटची चौकट पानभर आहे. केतकीचा हात कोपरापर्यंत नाचणीच्या डब्यात, आणि पिठात बुडालेली किल्ली. आम्ही रागी म्हणतो, पण तुझ्यासाठी नाचणीच लिहिलं. बदलावं असं काही सापडलंच नाही.

एकदा चिकपेटला ये. बोम्मसंद्र्याहून इथल्या मार्केटला थेट बस आहे. दुकानात विचार, कुणीही वर आणून सोडेल. एवढ्या जवळ राहून पत्रंच काय लिहायची?

तुझी,
जमनाबाई


बोम्मसंद्रा,
२५ फेब्रुवारी १९९४

जमनाबाई,

हात जोडते, ते पान काढून टाका. किल्लीचं पान. काहीही करा, पण ते छापू नका.

अंक ते आधी वाचतात. मग रात्री जेवणं झाल्यावर मला समोर बसवून वाचून दाखवतात. एकेक चौकट, बोट ठेवून. किल्लेदाराची वाक्यं ते स्वतःच्या आवाजात म्हणतात. फेब्रुवारीचा भाग त्यांना फार आवडला. म्हणाले, ‘या मोहित्याला आता माणूस कळायला लागला.’ मला वाटलं होतं तुम्ही सगळं बदलाल. गडाच्या गोष्टीत नाचणीचा डबा कशाला येईल, असं वाटलं होतं. मला फक्त एकदा कुणाला तरी सांगायचं होतं.

दिवाळीपासून मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलेलं नाही. वाणी स्टोअर्सवाली वाणी खालून टोपलीतून तुमची पत्रं वर पाठवते. वाचून झाली की मी चुलीत घालते. तुम्ही मला चिकपेटला बोलावलंत, त्या ओळी मात्र मी पुन्हा पुन्हा वाचल्या, मग जाळल्या.

पान काढता येईल ना?

उल्का


चिकपेट,
१ मार्च १९९४

उल्का, माझ्या पोरी,

काल तुझं पत्र आलं तशी खाली धावले आणि कोपऱ्यावरच्या एस.टी.डी. बूथमधून बेळगावला फोन लावला. सूर्यकांतराव म्हणाले, अंक छापून झाला, वर्गणीदारांचे गठ्ठे शनिवारीच टपालात पडले. आता ते कुणाच्याही हातात नाही. तुझ्यापासून काही लपवणार नाही, म्हणून हे जसंच्या तसं लिहिते.

तू सगळं सांगत होतीस आणि मी त्यातून चौकटी पाडत होते. त्याबद्दल पुढे कधीतरी बोलू, आत्ता वेळ नाही.

किल्ली डब्यातून काढ. वाणीला दे, किंवा फेकून दे. डबा होता तसाच भरून ठेव. तो अंक वाचून दाखवेल तेव्हा नेहमीसारखीच ऐक.

दुसरं. तुला बाहेर पडायचं असेल तर मी येते. साड्यांचं गाठोडं घेऊन दारोदार फिरणाऱ्या बायका सगळीकडे जातात, मला कुणी अडवणार नाही. पण यायचं की नाही हे तू ठरव. नको म्हणालीस तरी मी रागावणार नाही. वाणीकडून एका ओळीचं उत्तर पाठव, मी त्याच दिवशी निघेन.

मलाही भीती वाटते आहे. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

जमनाबाई


बोम्मसंद्रा,
५ मार्च १९९४

श्री. ज. न. मोहिते यांस,
सप्रेम नमस्कार.

मी आपल्या ‘बंद बुरूज’चा चाहता. आजवर बऱ्याच चित्रकथा वाचल्या, पण आपल्या किल्लेदाराइतका समजूतदार माणूस कुठे भेटला नाही. मागच्या भागात ‘तुला इथली भाषा येत नाही, कुणी फसवलं तर?’ असं वाक्य आहे. मी स्वतः हे वाक्य घरात अनेकदा बोललो आहे. एखाद्या लेखकाला ते जसंच्या तसं सुचावं याचं मला नवल वाटलं.

मार्चच्या भागाविषयी एक प्रामाणिक टीका. केतकी किल्ली नाचणीच्या डब्यात लपवते, हे ठीक. पण आपला किल्लेदार इतका बारीक नजरेचा असताना डबे का तपासत नाही? मी त्याच्या जागी असतो तर आधी स्वयंपाकघरात गेलो असतो. परवा वाचन झाल्यावर मी गंमत म्हणून आमचा नाचणीचा डबा परातीत पालथा केला. पत्नीला म्हटलं, चाळून दाखव. तिने सगळं पीठ चाळलं. त्यात काही निघालं नाही. पण चाळताना तिचे हात कापत होते, आणि नुसत्या पिठाला कुणाचे हात कापत नाहीत.

आपला पत्ता कसा मिळाला असं विचाराल. पत्नीच्या ट्रंकेत, तळाच्या कागदाखाली एक रिकामं पाकीट होतं. आत पत्र नव्हतं. पाठीमागे आपलं नाव आणि पत्ता होता. अक्षर फार वळणदार आहे आपलं. तिला विचारलं तर काही बोलत नाही. बोलेल, मला घाई नाही. मी कारखान्यातून आठवडाभर रजा घेतली आहे. तिलाही विश्रांतीची गरज आहे.

पुढच्या भागात केतकीचं काय करणार आहात, ते मला आधी कळवाल का? नाहीतर मीच एकदा चिकपेटला येतो. एका पुरुषाने दुसऱ्या पुरुषाशी समोरासमोर बोलावं हे बरं.

आपला,
विलास हेरवाडे


चिकपेट,
९ मार्च १९९४

श्री. सूर्यकांतराव यांस,
स. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला एवढंच सांगितलं की एप्रिलचा भाग होणार नाही. का, ते आज लिहिते. सोबत विलास हेरवाडे या माणसाच्या पत्राची नक्कल आहे, ती आधी वाचा. त्याची बायको उल्का. गेल्या दोन भागांत तुम्हाला जे खटकलं आणि जे आवडलं, ते सगळं तिने मला पत्रातून सांगितलेलं होतं. ती ते कल्पनेने सांगत नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

त्याचं पत्र सोमवारी सकाळी आलं. मी अण्णांना दाखवलं. ते म्हणाले, “पोलिसांत जाऊ.”

मी म्हटलं, “जाऊन काय सांगायचं? नवरा बायकोला चित्रकथा वाचून दाखवतो?”

“मग मी तिथे जातो, त्याच्याशी बोलतो.”

“तो मोहिते नावाच्या पुरुषाची वाट बघतोय, अण्णा. तुम्ही दारात दिसलात की तिचं काय होईल?”

शेवटी दुकानाची व्हॅन काढली. अण्णांना सांगितलं, तुम्ही व्हॅनमध्ये थांबा. ती खाली आली की तिला घेऊन निघा, माझ्यासाठी थांबू नका. मी गाठोड्यात दहा-बारा साड्या बांधल्या.

बोम्मसंद्र्याला त्यांच्या चाळीखालचं, वाणी नावाच्या बाईचं दुकान सापडलं. शेवटचं पत्र मी उल्काला एक तारखेला लिहिलं होतं. ते वाणीने गल्ल्याखालून काढून माझ्या हातात ठेवलं, बंदच होतं. अंक आला त्या दिवसापासून वरून टोपली उतरली नव्हती. म्हणजे मी येणार हे विलासला माहीत नव्हतं, आणि उल्कालाही नव्हतं. किल्ली मात्र वाणीकडे होती. किल्लीचं पान छापू नका असं उल्काने मला लिहिलं त्याच दिवशी ती खाली सोडली होती. वाणी म्हणाली, “अक्का, तो माणूस वाईट बोलत नाही. सगळ्यांसमोर फार चांगला असतो.”

मी म्हटलं, “मग सगळ्यांना बोलव.”

वाणीने चाळीतल्या बायकांना हाक घातली, चिकपेटची साडीवाली आली आहे म्हणून. पाच-सहा जणी जमल्या. त्यांना घेऊन मी जिना चढले.

दार त्यानेच उघडलं. स्वच्छ दाढी केलेला, पांढरा शर्ट. बायका बघून तो हसला, आत या म्हणाला, स्वतः चटई घातली. आतल्या दारात उल्का उभी होती. बारीक चणीची, लांब बाह्यांचा ब्लाउज. मी तिला पहिल्यांदा बघत होते आणि ओळख दाखवता येत नव्हती. टीपॉयवर आपला मार्चचा अंक होता, शेवटच्या पानावर उघडा.

साड्या पसरल्या. बायकांशी मी कन्नडात बोलत होते, तर तो म्हणाला, “तुम्ही मराठी वाटता.”

“हो, चिकपेटातल्या आम्ही.”

“चिकपेट? तिथे मोहिते म्हणून कुणी आहेत का? लेखक आहेत.”

मी पुढची साडी उलगडली. म्हटलं, “मोहिते पुष्कळ. पण लेखक कुठला, सगळे कापडातले.”

तो हसला. उल्काने मान वर केली नाही. मी एक साडी उचलून तिच्याकडे धरली आणि म्हटलं, “ही बघा, स्वल्प उजेडात धरून बघा.” पत्रातला माझा ‘स्वल्प’ ऐकून तिने माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग साडी हातात घेतली आणि बराच वेळ तिचा पोत चाचपत राहिली. मला वाटलं, नाही म्हणणार. तो तिच्याकडे बघत होता, मी तिच्याकडे बघत होते.

ती अगदी हळू म्हणाली, “रंग कळत नाही. खाली उन्हात बघून येते.”

“इथे ट्यूब लावतो की,” तो म्हणाला.

वाणी कन्नडात म्हणाली, “ट्यूबखाली साडीचा रंग कळतो होय? बा उल्का, चल, आम्ही सगळ्याच जाऊ.” बाकीच्याही उठल्या. एवढ्या बायकांसमोर नको म्हणणं त्याच्या स्वभावात बसत नव्हतं. तो म्हणाला, “थांब, अनवाणी जाऊ नको. चप्पल देतो.” आणि किल्ल्यांचा जुडगा काढून आतल्या खोलीत गेला. सूर्यकांतराव, तिच्या चपला कपाटात कुलपात होत्या.

कपाट उघडल्याचा आवाज आला तेव्हा ती उंबऱ्याशी पोचली होती. तिथे ती थांबली. वाणीने तिला हात लावला नाही, नुसती पुढे एक पायरी उतरून उभी राहिली. मग उल्का तशीच अनवाणी खाली गेली. तिच्यामागे बायका गेल्या, आणि मी एकटी साड्यांच्या पसाऱ्यात राहिले.

तो चपला हातात घेऊन बाहेर आला. “कुठे गेली?”

“खाली.”

तो खिडकीशी गेला. व्हॅनचं दार लागल्याचं मला ऐकू आलं, त्यालाही आलं असणार. तो धावला नाही. वळून माझ्यासमोर बसला, एक साडी घेऊन तिची घडी करू लागला. मी गाठोडं बांधायला घेतलं. गाठ दोनदा सुटली. त्याने माझ्या हातातून टोकं घेतली, नीट गाठ मारून दिली, आणि म्हणाला, “मोहिते तुम्हीच ना?”

मी गाठोडं उचललं. तेवढ्यात वाणी मला न्यायला वर आली. जिना कसा उतरले ते आठवत नाही. होसूर रोडवर बस मिळाली.

उल्का आता माझ्याजवळ आहे. मिरजेहून तिचा भाऊ अभिराज उद्या पोचेल. काल संध्याकाळी तो माणूस दुकानात येऊन गेला. अण्णांशी फार नम्र बोलला. तिची तब्येत नाजूक आहे, काळजी घ्या म्हणाला. एक रुमाल विकत घेतला आणि जाताना तिच्या चपला गल्ल्यावर ठेवून गेला. उल्का माळ्यावर होती. तिने त्याचा आवाज ओळखला आणि पलंगाखाली जाऊन बसली. तिला बाहेर काढायला मला रात्रीचं जेवण होईपर्यंत वेळ लागला.

वाचकांना काय कळवायचं ते तुम्ही ठरवा. माझा पत्ता मात्र कुणालाही देऊ नका.

आपली,
जमनाबाई मोहिते


मिरज,
११ जुलै १९९४

ती. जमनामावशींना सा. न. वि. वि.

शेवटच्या भागाचा कच्चा आराखडा पोचला. छापायच्या आधी मला विचारलंत, हे फार झालं. किल्लेदार बुरुजावरून घसरतो आणि खाली दरीत पडतो, ती चौकट मी चारदा बघितली. खोटं कशाला सांगू, चारही वेळा बरं वाटलं. रविकुमारने त्याचा एक जोडा वर अडकलेला दाखवला आहे, तेही आवडलं. गडहिंग्लजच्या मुलालाही आवडेल. सूर्यकांतरावांकडे ‘किल्लेदार मेलाच पाहिजे’ म्हणणारी गठ्ठाभर पत्रं आल्याचं कळवलंत, त्या सगळ्यांनाही आवडेल.

पण मावशी, त्याला मारू नका.

तो जिवंत आहे. रोज कामावर जातो. वाणीने तिच्या भाच्याकडून हिंदीत पत्र लिहवून घेतलं आहे की चाळीत सगळे त्याच्याबद्दल हळहळतात, बिचारा एकटाच राहतो म्हणतात. दर महिन्याला त्याचं पत्र इथे येतं. मी उघडत नाही, अभिराजदादाकडे देते, तो वकिलांकडे नेतो. दादाने एकदा न राहवून वाचलं, म्हणाला, वाईट काही नाही गं, नुसती चौकशी आहे. आई अजून विचारते, “मारत तर नव्हता ना?” मी काय सांगू? परवा तिने तांब्या जागेवरून हलवला, तर मी तो पुन्हा होता तिथे ठेवला. माझ्या लक्षातही आलं नाही. आईच्या लक्षात आलं. त्यानंतर तिने विचारलेलं नाही.

तुम्ही त्याला दरीत ढकललंत तर केतकी सुटली असं सगळे म्हणतील. मग माझ्यासारखी एखादी तो पडायची वाट बघत बसेल. असा तो आपोआप पडत नाही. म्हणून शेवटच्या चौकटीत तो गडावर तसाच राहू दे, लोक त्याला रामराम करू देत. आणि खाली बाजारात केतकी भाजी घेताना दाखवा. ती हसते आहे असं काढू नका. ती दर दोन पावलांनी मागे वळून बघते. तसंच काढा. वाचक रागावतील. रागावू देत. तुम्ही त्यांना उत्तर लिहा, तुम्हाला छान लिहिता येतं.

हे पत्र टाकायला मी एकटी पोस्टात जाणार आहे. दादा येतो म्हणत होता, मी नको म्हटलं. काल सरावासाठी म्हणून एकदा जाऊन आले. रांगेत मागून कुणीतरी म्हणालं, “ताई, पेन आहे का?” वळून बघितलं तर एक म्हातारे गृहस्थ, हातात मनीऑर्डरचा फॉर्म. मी पेन दिलं. त्यांनी फार सावकाश लिहिलं, पत्ता चुकला, खोडून पुन्हा लिहिला. मला घरी पळावंसं वाटत होतं. पण पेन माझं होतं, म्हणून त्यांचं लिहून होईपर्यंत मी तिथे उभी राहिले.

तुमची,
उल्का